हॉट लॅबमध्ये काम करायचं असेल तर

अमेरिकेत न्यूक्लियर फार्मसी टेक्निशियन ही वेगळी नोकरी आहे. तिथे एका मध्यवर्ती फार्मसीत मध्यरात्रीच कामाला लागतात आणि पहाटे आसपासच्या रुग्णालयांचे डोस गाडीत भरतात. आपल्याकडे हेच काम बहुतेक ठिकाणी रुग्णालयातल्या न्यूक्लियर मेडिसिन विभागात, एका लहानशा खोलीत चालतं आणि करणाऱ्याचं पद टेक्नॉलॉजिस्टचं असतं. स्कॅनसाठी द्यायचं किरणोत्सर्गी औषध तोच बनवतो, मोजतो, आणि नंतर कॅमेऱ्याखाली पेशंटही तोच झोपवतो. त्या खोलीला सगळे हॉट लॅब म्हणतात. मी मुंबईत हे काम करते. मूळची कराडची, केमिस्ट्रीची बीएस्सी. आमच्या सासूबाई आजही शेजारणीला सांगतात, सूनबाई एक्स-रे काढते. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

दर वर्षी नवी मुलं-मुली येतात. पुस्तकातलं त्यांना छान येत असतं. अडतात ती हात आणि घड्याळ यांच्यापाशी. त्यामुळे इथे मी त्या दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहे.

शिकायचं कुठे

परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं. तिथला डीएमआरआयटी हा पदवीनंतरचा एक वर्षाचा डिप्लोमा या क्षेत्रातला जुना, नावाजलेला रस्ता. बीएस्सीला फिजिक्स किंवा केमिस्ट्री असेल तर पुढचं सोपं जातं. याशिवाय मणिपाल, चंदीगडचं पीजीआय, दिल्लीचं एम्स इथेही न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजीचे अभ्यासक्रम आहेत. कुठलाही निवडा, पण प्रवेश घेण्याआधी एक चौकशी करा: विद्यार्थ्यांना हॉट लॅबमध्ये स्वतःच्या हाताने किटमधून औषध बनवायला मिळतं की नुसतं काचेपलीकडून बघायला मिळतं? कॅमेरा चालवणं नोकरीत शिकता येतं. हात मात्र कुणीतरी शेजारी उभं राहून घडवावे लागतात.

आधी पाण्यावर

माझ्याकडे नवीन आलेल्याला मी सुरुवातीला ॲक्टिव्हिटीला, म्हणजे किरणोत्सर्गी मालाला, हात लावू देत नाही. साधं सलाइन, रिकाम्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या), शिशाचे डबे, चिमटे आणि एल-बेंच. एल-बेंच म्हणजे शिशाची उभी भिंत आणि तिच्यावर तिरकी बसवलेली शिशाची काच. चेहरा काचेमागे ठेवायचा, हात दोन्ही बाजूंनी पुढे घ्यायचे आणि काचेतून बघत काम करायचं. ऐकायला सोपं आहे. करून बघा. काचेतून अंतराचा अंदाज चुकतो, सिरिंज शील्डमध्ये, म्हणजे किरण अडवणाऱ्या धातूच्या आवरणात, घातलेली सिरिंज जड लागते, सुई व्हायलच्या रबरात तिरकी जाते. डोळे नकळत काचेच्या वरून डोकवायला लागतात. ही सवय लागली की सुटत नाही, म्हणून ती पाण्यावर असतानाच मोडायची.

एक मिली सलाइन एका व्हायलमधून काढून दुसरीत घालायचं, बुडबुडा न येऊ देता, थेंब न सांडता, मान न वाकवता. हे न अडखळता जमू लागलं की मगच खरं काम. रेडिएशनपासून बचावाची तीन साधनं पुस्तकात असतात: वेळ, अंतर, आडोसा. आडोसा विभाग विकत घेऊन देतो, अंतर चिमटा देतो. वेळ वाचवणं तेवढं तुमच्या हातात असतं आणि ते सरावानेच येतं. व्हायल उघड्या बोटांनी धरायची नाही, हे सांगायलाही नको, तरी सांगते. दुप्पट लांबून धरलं की किरणांची मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते.

जनरेटर

रोजच्या कामाचा राजा टेक्नेशियम-९९एम. अर्धायुष्य सहा तास, गॅमा किरणांची ऊर्जा १४० केईव्ही, कॅमेऱ्याला अगदी सोयीची. सहा तासांत निम्मं होणारं औषध साठवून ठेवता येत नाही, म्हणून त्याचा बाप घरी आणून ठेवायचा: मॉलिब्डेनम-९९, अर्धायुष्य ६६ तास. जनरेटरमध्ये ॲल्युमिनाच्या स्तंभावर मॉलिब्डेनम चिकटलेलं असतं, त्यातून सतत टेक्नेशियम तयार होत राहतं. वरून सलाइन सोडलं की टेक्नेशियम सलाइनबरोबर खाली येतं, मॉलिब्डेनम तिथेच राहतं. याला आम्ही मिल्किंग म्हणतो आणि जनरेटरला काऊ. गाय पिळली की पुन्हा पान्हा फुटायला वेळ लागतो तसंच इथेही आहे. सहा तासांनी साधारण निम्मं भरतं, पूर्ण भरायला जवळपास २३ तास. म्हणून सकाळी एकदा काढायचं आणि तातडीचा पेशंट आला तर दुपारी थोडं.

काढण्याची रीत अशी. हात धुवायचे, हातमोजे, अंगाला लागणारे किरण मोजणारा बिल्ला आणि तशीच बोटातली अंगठी. जनरेटरच्या सुयांवरची टोपणं काढायची, रबर स्पिरिटने पुसायचं आणि वाळू द्यायचं. आधी सलाइनची व्हायल, मग दुसऱ्या सुईवर शिशाच्या डब्यातली निर्वात व्हायल. निर्वात व्हायल सलाइन ओढून घेते. शेवटी बुडबुड्यांचा आवाज येतो, म्हणजे स्तंभातलं सलाइन संपून हवा येऊ लागली. तो आवाज थांबेपर्यंत व्हायल उपसायची नाही. घाईने उपसली तर माल कमी येतो आणि स्तंभ ओला राहिल्याने दुसऱ्या दिवशीही रडगाणं. सलाइन जनरेटरबरोबर आलेलंच वापरायचं. वॉर्डातून आणलेलं, प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं सलाइन इथे चालत नाही.

मग मॉलिब्डेनमची चाचणी. हिच्यात टाळाटाळ करणारा माणूस मला विभागात नको असतो. व्हायल जाड शिशाच्या डब्यात घालून डोस कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रात, ठेवायची. टेक्नेशियमचे १४० केईव्हीचे किरण शिशात अडतात, मॉलिब्डेनमचे ७४० आणि ७७८ केईव्हीचे पार होतात. जो आकडा दिसतो तो मॉलिब्डेनमचा. मर्यादा आहे एका मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी (क्युरी हे किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक). पण ही मर्यादा इंजेक्शन देण्याच्या क्षणाची आहे, सकाळी सातची नव्हे. टेक्नेशियम भराभर घटतं, मॉलिब्डेनम सावकाश, त्यामुळे गुणोत्तर दिवसभर चढत जातं. बारा तासांत ते साडेतीनपट होतं. सकाळी ०.०४ आलं तर संध्याकाळी सातला ०.१४, जेमतेम आत. सकाळीच ०.०८ दिसलं तर ती व्हायल दुपारनंतर वापरायची नाही, हे तिथल्या तिथे लेबलवर लिहून टाकायचं. बरोबरीने ॲल्युमिनियमचीही चाचणी होते, कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून रंग बघायचा, मर्यादा मिलीमागे १० मायक्रोग्रॅम.

सोमवारचं पहिलं इल्यूशन, म्हणजे जनरेटरमधून काढलेला माल, वेगळं असतं. शनिवार-रविवार कुणी काढलेलं नसेल तर स्तंभावर टेक्नेशियम-९९ साचलेलं असतं, म्हणजे विझून गेलेलं टेक्नेशियम. ते किरण देत नाही म्हणावं इतकं कमी देतं, पण रसायन म्हणून ते खऱ्या टेक्नेशियमसारखंच वागतं आणि किटमधला स्टॅनस (टेक्नेशियमला औषधाशी जोडणारं कथिलाचं संयुग) फुकट खातं. लाल पेशींच्या लेबलिंगला असा माल घेऊ नये. थायरॉइडच्या साध्या स्कॅनला तो चालतो.

घड्याळाचं गणित

आता खरा विषय. भिंतीवर हा कोष्टक हवाच, आणि महिनाभरात पाठही व्हायला हवा. टेक्नेशियम एका तासाने ०.८९ उरतं, दोन तासांनी ०.७९, तीन तासांनी ०.७१, चार तासांनी ०.६३, पाच तासांनी ०.५६, सहा तासांनी ०.५०.

समजा आज बोन स्कॅनचे चार पेशंट आहेत, प्रत्येकी २० मिलिक्युरी. इंजेक्शनच्या वेळा ९, ९:३०, १० आणि १०:३०. किट ७:३० ला बनवायचं. नवीन माणूस चार गुणिले वीस करून ऐंशी म्हणतो. ऐंशी घातले तर शेवटच्या पेशंटसाठी व्हायलमध्ये निम्मासुद्धा डोस उरत नाही. प्रत्येक डोस मागे नेऊन मोजायचा. नऊच्या पेशंटला ७:३० ला २३.८ हवेत, साडेनऊच्याला २५.२, दहाच्याला २६.७, साडेदहाच्याला २८.३. बेरीज १०४. सुईत-व्हायलमध्ये अडकणारं, चाचणीला लागणारं आणि एखाद्या पेशंटची शीर सापडत नाही म्हणून उशीर होणारं, हे धरून १२०.

सात वाजता इल्यूशन निघालं ५ मिलीमध्ये ४०० मिलिक्युरी, म्हणजे मिलीला ८०. साडेसातला ते मिलीला ७५.५ झालंय. १२० साठी साधारण १.६ मिली. सलाइन घालून एकूण ४ मिली केलं की मिलीला ३० झाले. नऊच्या पेशंटला ०.८ मिली काढायचं, साडेदहाच्याला ०.९४. डोस तेवढाच, सिरिंजमधलं पाणी वाढत जातं. चारही डोस मिळून साडेतीन मिलीच्या आत बसतात.

हे मी मुद्दाम कागदावर करायला लावते. संगणकावर प्रोग्रॅम आहे, तो उत्तरही बरोबर देतो. पण कॅलिब्रेटरवर १४ दिसायला हवे तिथे २४ दिसले तर पोटात काहीतरी हललं पाहिजे, आणि प्रोग्रॅमवर वाढलेल्याच्या पोटात काही हलत नाही. कॅलिब्रेटरचीही रोज सकाळी सीझियम-१३७ ठेवून परीक्षा घ्यायची. त्याचं अर्धायुष्य तीस वर्षं, तेव्हा कालचा आणि आजचा आकडा जवळजवळ तोच यायला हवा. नाही आला तर आधी बघा, आयसोटोपचं बटण भलतीकडेच नाही ना.

पीईटी या दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनमध्ये घड्याळ आणखी निर्दय. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. मुंबईच्या सायक्लोट्रॉनमधून (फ्लोरिन-१८ बनवणाऱ्या यंत्रातून) निघालेली एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ लावलेली साखर, पुण्याला जायला निघाली आणि घाटात ट्रेलर आडवा झाला, पावणेचार तास लागले, तर पोचते ती पाव. मग फोनवर पेशंटची यादी कापायची पाळी येते. अशा वेळी उपाशी बसलेल्या मधुमेही आजोबांना आधी घ्यायचं, हे सुचायला गणितापलीकडचं डोकं लागतं.

किट

कोल्ड किट म्हणजे कोरडी पावडर भरलेली व्हायल: औषधाचा रेणू, स्टॅनस क्लोराइड आणि वर नायट्रोजन. जनरेटरमधून येतं ते परटेक्निटेट, ते कुणाला चिकटत नाही. स्टॅनस त्याला क्षपण करून चिकटण्याजोगं बनवतं. पण स्टॅनसला हवेचं वावडं. म्हणून व्हायलमध्ये हवा सोडायची नाही. टेक्नेशियम घातलं की दाब वाढतो, तेव्हा त्याच सिरिंजने तितकाच वायू ओढून घ्यायचा आणि मग सुई काढायची. वॉर्डात इंजेक्शन काढताना आधी हवा भरायची शिकवण असते. नर्सिंगमधून आलेल्यांना ही सवय सोडायला वेळ लागतो.

किट बिघडलं तर स्कॅनवरच दिसतं: हाडांच्या फोटोत थायरॉइड आणि पोट उजळतं, कारण मोकळं परटेक्निटेट तिथे जातं. तोवर पेशंटला किरण देऊन झालेले असतात. म्हणून आधी पट्टीची चाचणी. आयटीएलसीच्या, म्हणजे द्रव शोषून वर चढवणाऱ्या खास कागदाच्या, दोन अरुंद पट्ट्या घ्यायच्या, तळापासून एक सेंटिमीटरवर बारीक थेंब, एक पट्टी ॲसिटोनमध्ये, एक सलाइनमध्ये. थेंब द्रवाच्या पातळीच्या वर राहायला हवा, नाहीतर सगळं धुऊन जातं. एमडीपीमध्ये, म्हणजे बोन स्कॅनच्या औषधात, ॲसिटोनच्या पट्टीत मोकळं परटेक्निटेट वर चढतं, सलाइनच्या पट्टीत कोलॉइड (औषधाला न चिकटता कण झालेलं टेक्नेशियम) तळाशी बसतं. पट्ट्या कापून मोजायच्या. वर ३ टक्के, तळाशी २ टक्के, म्हणजे ९५ टक्के लेबलिंग. नव्वदच्या खाली आलं की व्हायल बाजूला. पेशंट खोळंबले, डॉक्टर चिडले, तरीही बाजूला.

प्रत्येक किटचा स्वभाव वेगळा. हृदयाच्या स्कॅनसाठीचं मिबी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवावं लागतं, शिशाच्या आवरणासकट, आणि गार झाल्याशिवाय सुई घालायची नाही. फुप्फुसाच्या स्कॅनचं एमएए म्हणजे कण असतात, ते तळाशी बसतात. डोस काढण्याआधी व्हायल आणि देण्याआधी सिरिंज हलकेच उलटसुलट करायची. देताना सिरिंजमध्ये रक्त मागे ओढायचं नाही, गुठळी झाली की फुप्फुसात भलतेच ठिपके दिसतात. बाकीचं किटबरोबरच्या कागदावर असतं. तो कागद दर नव्या बॅचला वाचा, मजकूर बदललेला असू शकतो.

आणि लेबल. औषध, मिलिक्युरी, मिली, वेळ, पेशंटचं नाव. हाडांचं एमडीपी आणि मूत्रपिंडाचं डीटीपीए दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, दोन्ही तशाच सिरिंजमध्ये. डोळ्यांना फरक कळणं शक्य नाही. व्हायलला लेबल आधी लावायचं, ॲक्टिव्हिटी नंतर घालायची. या खोलीत पेशंटचं सर्वांत मोठं नुकसान किरणांनी होत नाही, बिनलेबलाच्या सिरिंजने होतं, असं माझं ठाम मत आहे.

अंगाला काय लागतं

घरचे हेच विचारतात. भारतात एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (अंगाला लागलेल्या किरणांचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. हातांना ५००. छातीवर टीएलडी बिल्ला, लेड ॲप्रन घातला तर त्याच्या आत. तो तीन महिन्यांनी मोजायला जातो. बोटातल्या अंगठीची चिप तळहाताकडे, हातमोज्याच्या आत. हॉट लॅबवाल्याचे हात बाकी अंगापेक्षा कितीतरी जास्त घेतात, म्हणून ज्या विभागात अंगठ्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असतात तिथल्या छातीच्या कोऱ्या अहवालांवर जाऊ नका.

लेड ॲप्रनबद्दलही एक गैरसमज. अर्धा मिलिमीटरचा ॲप्रन टेक्नेशियमला बऱ्यापैकी अडवतो. फ्लोरिन-१८ च्या ५११ केईव्हीपुढे तो नुसतं ओझं. तिथे टंगस्टनचं सिरिंज शील्ड आणि चपळ पाय कामाचे.

आयोडीन-१३१ ची गोष्ट निराळी. वाशीच्या ब्रिटमधून, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या आयसोटोप पुरवणाऱ्या संस्थेतून, ते येतं. अर्धायुष्य आठ दिवस, आणि त्याची वाफ होते. बाटली उघडायची ती फ्युम हूडमध्येच, पंखा चालू आहे याची खात्री करून, दोन हातमोजे घालून. वाफ श्वासातून गेली तर तुमच्याच थायरॉइडमध्ये जाऊन बसते, म्हणून आयोडीन हाताळणाऱ्यांचा गळा ठरावीक काळाने मोजून घ्यायचा.

मुलींसाठी थोडं स्पष्ट. गरोदर असल्याचं कळलं की आरएसओला (विभागाच्या रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याला) लगेच सांगा, तीन महिने थांबायची आपली घरगुती पद्धत इथे नको. सांगितल्यावर बाळासाठीची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट लागू होते आणि काम त्या हिशेबाने बदलून मिळतं: हॉट लॅब आणि आयोडीन सुटतं, अहवाल-नोंदी येतात. लपवून काम करत राहण्यात कसलंही शौर्य नाही. सांगितलं म्हणून कुणी तोंड वाकडं केलं तर ते लेखी मागा, तोंड सरळ होतं.

सांडलं तर धावपळ नको. इतरांना थांबवायचं, वर टिपकागद टाकायचा, हातमोजे बदलायचे, मग बाहेरून आत पुसत यायचं आणि मॉनिटरने बघायचं. टेक्नेशियम असेल आणि पुसूनही निघत नसेल तर प्लॅस्टिक घालून, खूण करून उद्यापर्यंत सोडून द्या. चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो. चादरीवर पडलेला एक थेंबही स्कॅनमध्ये हाडातल्या डागासारखा दिसू शकतो, तेव्हा चप्पल आणि बाह्या दोन्ही तपासा. कचरा आयसोटोपप्रमाणे वेगळा, पिशवीवर तारीख. दहा अर्धायुष्यं ठेवायचं: टेक्नेशियमचा अडीच दिवस, आयोडीनचा ऐंशी. मग मोजून, पार्श्वभूमीइतका आला तरच नेहमीच्या कचऱ्यात, आणि पिशवीवरचं किरणोत्सर्गाचं चिन्ह फाडून. ते चिन्ह राहिलं तर नगरपालिकेच्या गाडीवाल्याचा फोन येतो आणि त्याची समजूत काढण्यात दुपार जाते.

मुलाखतीला जाल तेव्हा

पगार विचारा, पण हॉट लॅब दाखवा असंही म्हणा. आत गेल्यावर बघा: सिरिंज शील्ड वापरून झिजलेली आहेत की खोक्यात नवीकोरी? मॉलिब्डेनमच्या चाचणीची वही आजच्या तारखेपर्यंत भरलेली आहे का, आणि आकडे रोज थोडे वेगळे आहेत का? रोज हुबेहूब तोच आकडा लिहिलेला असेल तर चाचणी होत नाही, नुसती वही होते. आरएसओ कोण, तो इथे बसतो की फक्त कागदावर आहे? हॉट लॅबची पाळी किती जणांमध्ये फिरते? एकाच माणसावर असेल तर त्याच्या बोटांची मात्रा विचारा. रविवारी जनरेटर आला तर उतरवून कोण घेतं तेही विचारून ठेवा, कारण ते बहुधा नव्या माणसावरच येतं.